आकडी, अंगारा आणि कॅल्शियम

बाळाला आकडी आली की आपल्या भडगाव परिसरात अजूनही कोणी कांदा हुंगवतो, कोणी अंगारा लावतो. ३० वर्षे मी हे पाहत आलो आहे. तान्ह्या बाळाच्या आकडीमागे कधी कधी रक्तातले कॅल्शियम घटलेले असते. कॅल्शियम मेंदूच्या पेशींना आवर घालते. ते कमी झाले की सोडियम पेशीत सहज शिरते आणि पेशी विनाकारण उत्तेजित होतात. गरोदर आईला ‘ड’ जीवनसत्त्व कमी, तर बाळालाही कमीच. म्हणून माझे स्पष्ट मत आहे : फेफऱ्याचा शिक्का मारण्यापूर्वी रक्तातील साखर व कॅल्शियम तपासलेच पाहिजे. कमतरता भरून काढता येते. शिक्का मात्र मुलीच्या लग्नापर्यंत पाठ सोडत नाही. आकडी आल्यास बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा.