मागची चाके आणि बर्फाचा रस्ता

बर्फाच्या रस्त्यावर मागच्या चाकांनी चालणारी मोटार कुचकामी ठरते, हा समज इतका रूढ झाला आहे की त्याची शहानिशा करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. अशा मोटारीत, म्हणजे रिअर-व्हील ड्राइव्ह पद्धतीत, इंजिनची ताकद केवळ मागच्या दोन चाकांना मिळते आणि पुढच्या चाकांकडे मुख्यतः वळण्याचे काम उरते. या समजाची परीक्षा घ्यायला स्वीडनइतका योग्य देश क्वचितच सापडेल, कारण तिथल्या दोन मोटार कंपन्या कित्येक वर्षे एकमेकींच्या अगदी उलट मार्गाने चालल्या होत्या. साबने 1949 मध्ये उत्पादनास आलेल्या आपल्या पहिल्याच मोटारीत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना दिली. व्होल्वोची 240 मालिका मात्र 1974 पासून 1993 पर्यंत मागच्या चाकांवरच चालली, आणि त्या मोटारी बाळगणारी कुटुंबे काही हिवाळाभर घरात बसून राहिली नाहीत.

समजात तथ्य किती, हे घर्षणाच्या हिशेबाने कळते. टायर रस्त्याला किती धरून राहतो हे सांगणाऱ्या आकड्याला घर्षण गुणांक म्हणतात. कोरड्या डांबरावर तो साधारण 0.8, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर 0.2 ते 0.3 आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर 0.1 किंवा त्याहूनही कमी असतो. मोटार चढावर जाऊ शकते ती या गुणांकाच्या आणि ताकद मिळणाऱ्या चाकांवर पडलेल्या वजनाच्या बळावर. म्हणून गोठलेल्या रस्त्यावर चारही चाके फिरवणारी मोटार शंभर मीटरमागे जेमतेम दहा मीटरची चढण चढते, इंजिनसकट साठ टक्के वजन पुढे असलेली पुढच्या चाकांची मोटार सहा मीटरची, आणि निम्मे वजन मागे असलेली मागच्या चाकांची मोटार पाच मीटरची. दोन्हींतला फरक एका मीटरचा आहे, आणि चढावर वजन थोडे मागे सरकत असल्याने तो किंचित आणखी घटतो. उलट चांगल्या टायरमुळे गुणांक 0.1 वरून 0.15 वर गेला, तर तीच मागच्या चाकांची मोटार साडेसात मीटरची चढण चढून साध्या टायरच्या पुढच्या चाकांच्या मोटारीला मागे टाकते. ताकद कोणत्या चाकांना मिळते यापेक्षा त्या चाकांवर भार किती आणि त्यांचे रबर कसले, हे अधिक महत्त्वाचे आहे.

शर्यतींचा इतिहासही हेच सांगतो. बर्फावर होणारी स्वीडिश रॅली 1968, 1969 आणि 1970 अशी सलग तीन वर्षे ब्यॉर्न वाल्डेगार्ड याने पोर्शे 911 घेऊन जिंकली, आणि या मोटारीचे इंजिनही मागे व ताकदही मागच्याच चाकांना, त्यामुळे भार नेमका हवा तिथे पडत होता. पुढची तीन वर्षे स्टिग ब्लोमक्विस्ट पुढच्या चाकांच्या साबमधून विजयी झाला. त्या मोटारीत इंजिन पुढे होते, म्हणजे भार पुन्हा ताकद मिळणाऱ्या चाकांवरच.

तरीही मागच्या चाकांच्या मोटारीला बर्फावर एक खराखुरा धोका असतो, आणि तो चढणीपेक्षा वळणावर व उतारावर जाणवतो. टायरकडे पकडीचा साठा मर्यादित असतो आणि त्यातूनच पुढे ढकलणे, रोखणे व बाजूला घसरू न देणे ही तिन्ही कामे भागवावी लागतात. वळणावर चालकाने ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की मागच्या टायरची पकड ढकलण्यातच खर्ची पडते, बाजूची पकड सुटते आणि मोटारीचा मागचा भाग वळणाबाहेर फेकला जाऊ लागतो. याला ओव्हरस्टिअर म्हणतात. याहून फसवी गोष्ट म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवरून झटकन काढला किंवा गिअर घाईने खाली टाकला, तरी इंजिनचा अवरोध एकट्या मागच्या चाकांवर येऊन हाच प्रकार घडतो. अशा वेळी ब्रेकवर उभे राहण्याची इच्छा आवरून क्लच दाबावा, नजर जिकडे जायचे तिकडे ठेवावी, मागचा भाग ज्या बाजूला घसरतो त्याच बाजूला स्टिअरिंग बेताने वळवावे आणि मोटार सरळ होऊ लागताच लगेच मोकळे करावे, कारण हे शेवटचे काम विसरले की मोटार तितक्याच जोराने दुसऱ्या बाजूला फिरते. हे कसब पुस्तक वाचून अंगी येत नाही. म्हणूनच स्वीडनमध्ये मोटारीचा परवाना मिळण्याआधी निसरड्या सराव-मार्गावरचे प्रशिक्षण सक्तीचे आहे, आणि ही सक्ती अत्यंत शहाणपणाची मानावी लागेल.

टायरची गोष्ट तर सर्वांत मोलाची. साध्या टायरचे रबर साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जाते, तर हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहील अशा मिश्रणाचे असते. शिवाय त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात, भार पडताच त्या उघडतात आणि त्यांच्या असंख्य कडा बर्फात रुततात. पहिला हिवाळी टायर फिनलंडमध्ये 1934 मध्ये ट्रकसाठी तयार झाला आणि दोनच वर्षांनी मोटारींसाठीचा आला. स्वीडनच्या कायद्यानुसार रस्त्यावर हिवाळी स्थिती असेल तर 1 डिसेंबर ते 31 मार्च या काळात असे टायर बंधनकारक असतात आणि त्यांची नक्षी किमान 3 मिलिमीटर खोल असावी लागते. धातूचे खिळे बसवलेले टायर गोठलेल्या थरावर अधिक परिणामकारक असले, तरी ते डांबर खरवडून धूळ उडवतात, म्हणून स्टॉकहोममधील हॉर्न्सगाटान या रस्त्यावर 2010 पासून त्यांना मनाई आहे.

डिकीत वाळूची पोती टाकण्याचा जुना उपायही निराधार नाही, मात्र पोती मागच्या आसाच्या वर, घट्ट बांधून ठेवावीत. आसाच्या फार मागे ठेवल्यास मोटारीचे तोंड हलके होऊन स्टिअरिंग ऐकेनासे होते.

1995 मध्ये मर्सिडीझच्या मोटारींत आलेल्या स्थैर्य-नियंत्रण यंत्रणेने मागच्या चाकांचा दोष बराच आवरला. मोटार स्टिअरिंगच्या दिशेबाहेर फिरू लागल्याचे ओळखून ही यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावते आणि इंजिनची ताकद कमी करते. तिच्याच भरवशावर विजेच्या मोटारींच्या युगात मागची चाके परतली आहेत; नव्वदच्या दशकात ही पद्धत सोडून दिलेल्या व्होल्वोनेही 2023 मध्ये, पाव शतकाच्या खंडानंतर, मागच्या चाकांच्या मोटारी पुन्हा बाजारात आणल्या. थांबण्याच्या बाबतीत मात्र कोणतीही यंत्रणा निसर्गनियम बदलू शकत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगातली मोटार ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर सुमारे 12 मीटरमध्ये थांबते, तर गोठलेल्या रस्त्यावर तिला जवळपास 100 मीटर लागतात, आणि ब्रेक सर्वच मोटारींत चारही चाकांना लागत असल्याने ताकद कुठल्या चाकांना मिळते याने इथे काडीचाही फरक पडत नाही.

या हिशेबाशी महाराष्ट्राचा संबंध दरवर्षी अधिक जवळचा होतो आहे. 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा 2020 मध्ये खुला झाल्यापासून डिसेंबर-जानेवारीत मनालीहून थेट लाहौलच्या बर्फात पोहोचता येते, आणि पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन निघणाऱ्यांची तिथे कमी नाही. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या बोलेरो आणि इनोव्हा क्रिस्टा या मागच्याच चाकांच्या गाड्या आहेत. स्कॉर्पिओ व थारच्याही चारचाकी ताकद नसलेल्या आवृत्त्या मागच्या चाकांवर चालतात, पण उंच बांधा आणि रुंद टायर पाहून मालकाला आपली गाडी डोंगर फोडणारी वाटते. दक्षिणेच्या उन्हाला साजेसे टायर, त्यातही गोटा व्हायला आलेले, रिकामी डिकी आणि उतारावर दाबलेला ब्रेक, एवढे एकत्र आले की पुढचे सांगायला नको. तिथे जाणाऱ्यांनी आपल्या गाडीची ताकद कोणत्या चाकांना मिळते हे निघण्याआधी पाहून घ्यावे, त्याच चाकांना बसणाऱ्या साखळ्या बरोबर घेऊन त्या घरच्या अंगणात एकदा तरी लावून पाहाव्यात, आणि रस्त्यावर बर्फ गोठलेला दिसला तर गाडी मनालीतच ठेवून पुढचा प्रवास तिथल्या माहितगार चालकाच्या चारही चाकांना ताकद असलेल्या, साखळ्या लावलेल्या गाडीतून करावा.