पत्र्याखाली पोहोचेल ते ५जी

मोबाइलच्या कोपऱ्यात '५जी' अशी अक्षरे दिसली की वेग वाढला, असे आपण धरून चालतो. भिवंडीत शांतीनगर किंवा नारपोलीच्या गल्लीतून पत्र्याच्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात शिरा. बाहेर सुरळीत चाललेला व्हिडिओ आत अडखळू लागतो. हा दोष नेहमी फोनचा नसतो. धातूचा पत्रा रेडिओलहरी परतवतो. आत येते ते बहुतांशी दार-खिडकीतून.

देशात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा वेग मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून मिळतो. हा पट्टा रुंद असल्याने माहिती भरपूर वाहून नेतो, पण त्याच्या लहरी भिंतींत लवकर क्षीण होतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब आणि आतवर जातात, मात्र तो पट्टा अरुंद आहे. शिवाय टॉवरची क्षमता चाळीतल्या सामायिक नळासारखी असते. सगळ्यांनी एकाच वेळी बादल्या लावल्या की धार बारीक होते. दाट वस्तीत नेमके हेच घडते.

याचा आरोग्याशी संबंध काय? केंद्र सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेतून घरबसल्या व्हिडिओवर डॉक्टरांचा सल्ला मिळतो. खाडा झाला की मजुरी बुडणाऱ्या कामगाराला ही सोय मोलाची आहे. पण चित्र गोठले तर डॉक्टरांना ना अंगावरचे पुरळ दिसते, ना लागलेली धाप.

तरीही टॉवर उभारायचा म्हटले की किरणोत्सर्गाच्या भीतीने विरोध होतो. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्ककारक' गटात टाकले होते. मात्र याच संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. टॉवरच्या लहरींसाठी भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली.

एक गोष्ट मात्र विरोधात विसरली जाते. टॉवर जवळ असला की फोन हलक्या आवाजात बोलतो. दूर असला की ओरडतो. आपल्या डोक्याला सर्वाधिक लहरी मिळतात त्या कानाला लावलेल्या फोनच्या. म्हणजे टॉवर हटवून बहुतेक वेळा आपण आपलाच संपर्क वाढवतो.

म्हणून मागणी 'टॉवर नको' अशी नसावी. 'मोजा आणि दाखवा' अशी असावी. 'तरंग संचार' या सरकारी संकेतस्थळावर परिसरातले टॉवर पाहता येतात, शुल्क भरून मोजणीही मागता येते. 'ट्राय'च्या १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी कंपन्यांना नेटवर्कचे नकाशे प्रसिद्ध करणे बंधनकारक केले आहे. पण नकाशावरचा रंग पत्र्याखालचा वेग सांगत नाही. महापालिकेने कंपन्यांना बरोबर घेऊन कारखान्यांच्या आत, पाळी बदलताना वेग मोजावा आणि गरज तिथे दिव्यांच्या खांबांवर कमी शक्तीचे छोटे टॉवर बसवू द्यावेत.

तोवर सिग्नल कमी असेल तेव्हा फोन कानाला लावू नका. दाराशी या, इअरफोन वापरा आणि मगच बोला.