गोळी सुरू झाली, पण संपणार कधी?

दुसऱ्या दिवशी मायक्रोबायोलॉजीचं प्रॅक्टिकल होतं. रात्री एक वाजता जर्नल मिटलं, ड्रॉवरमधून स्ट्रिप काढली, कॅप्सूल तोंडात टाकली. पाण्याची बाटली रिकामी. खाली कूलरपर्यंत कोण जाणार? तशीच गिळली आणि आडवी झाले.

पहाटे चारला जाग आली ती छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखी. थुंकी गिळली तरी डोळ्यांतून पाणी. रूममेट म्हणाली, 'अगं, अॅसिडिटी असेल. कालची मेसची भाजी बघितलीस ना?' मलाही तेच वाटलं. पण दोन दिवसांनी पाण्याचा घोटही उतरेना, तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोटाबद्दल काही विचारलंच नाही. म्हणाल्या, 'कुठली गोळी चालू आहे?' मी नाव सांगितलं, डॉक्सिसायक्लिन. 'किती दिवस झाले?' मी बोटांवर महिने मोजायला लागले आणि माझी मलाच लाज वाटली.

अकरा महिने. आणि मूळ चिठ्ठी होती सहा आठवड्यांची.

गंमत बघा. दिवसा कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही पेट्री डिशमध्ये अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायचो, दुसऱ्या दिवशी त्यांच्याभोवती जंतू मेलेलं वर्तुळ मोजायचो आणि एखाद्या चकतीभोवती वर्तुळच उमटलं नाही की जर्नलमध्ये लिहायचो, 'रेझिस्टंट'. त्यावर व्हायवात मार्कही मिळवलेत मी. आणि रात्री रूमवर येऊन त्याच घराण्यातली गोळी, कुणालाही न विचारता, अकरा महिने. शिकलेलं आपल्याला लागू असतं, हे आपल्या लक्षातच येत नाही!

चेहऱ्याची गोष्ट

आता ही गोळी घ्यायची वेळ का आली, ते सांगते. मी सोलापूरची. बारावीनंतर पुण्याला आले आणि वर्षभरात गाल आणि नाक तापल्यासारखे व्हायला लागले. उन्हातून आलं की आग, गरम चहा प्यायला की आग, चारचौघांत बोलायला उभी राहिले तरी आग. मग बारीक पुरळ. सगळ्यांनी त्याला पिंपल्सच ठरवलं. मावशीने हळद सुचवली, एकीने टूथपेस्ट, एकीने मेडिकलमधलं 'गोरं करणारं' क्रीम. ते क्रीम मी तीन आठवडे लावलं. आधी झकास वाटलं, बंद केल्यावर चेहरा दुप्पट पेटला. त्यात स्टिरॉइड होतं, हे नंतर कळलं.

त्वचारोगतज्ज्ञांनी नाव सांगितलं, रोसेशिया. हा गोऱ्यांचा आजार, असा आपल्याकडे एक समज आहे. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, एवढंच. त्यामुळे आपल्याकडे तो ओळखायलाच उशीर होतो. ओळखायची एक खूण म्हणजे पुरळ असतं, पण पिंपल्ससारखे ब्लॅकहेड्स नसतात. सोबत जळजळ असते, चेहरा गरम होतो आणि काही जणांचे डोळेही चुरचुरतात. हा आजार आटोक्यात राहतो, पण कायमचा निघून जात नाही. मधून मधून उसळतो.

डॉक्टरांनी लावायला जेल दिलं, सनस्क्रीन दिलं आणि सहा आठवड्यांची डॉक्सिसायक्लिन. 'सहा आठवड्यांनी दाखवायला ये,' असं सांगितलं.

गोळीने जादू केली. तिसऱ्या आठवड्यात गालावरून हात फिरवला तर काही लागेना. गॅदरिंगच्या फोटोत मी पहिल्यांदा पुढच्या रांगेत उभी राहिले. मग सांगा, दाखवायला कशाला जायचं? डॉक्टरांची फी ८००, गोळ्यांची स्ट्रिप शंभरच्या आत. मेडिकलवाले काका इतके ओळखीचे झाले, की मी दिसले की विचारायचे, 'ताई, नेहमीचंच ना?' सातव्या आठवड्यानंतर त्यांनी चिठ्ठी मागितली नाही आणि मीही दाखवली नाही.

मधल्या काळात काय काय झालं, त्याची यादी आता करता येते. तेव्हा एकेक गोष्ट सुटी सुटी वाटत होती. स्कूटीवरून स्कार्फ न बांधता एकदाच कात्रजपर्यंत गेले, तर कपाळ आणि हात भाजल्यासारखे लाल झाले. मी म्हटलं, ऊन जास्त होतं. सकाळी मळमळ व्हायची. म्हटलं, रिकाम्या पोटी कॉफी पिते म्हणून. दोनदा खाली खाज आणि बुरशीचं इन्फेक्शन झालं. त्याबद्दल तर कुणाशी बोललेच नाही. ही तिन्ही डॉक्सिसायक्लिनची ओळखीची दुखणी आहेत. गोळीमुळे त्वचा उन्हाला हळवी होते. पोट बिघडू शकतं. चांगले जंतू मेले की बुरशीला रान मोकळं मिळतं. आणि कोरडी गिळून लगेच झोपलं, तर कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. माझं तेच झालं होतं.

गोळी वाईट नाही

हे वाचून कुणी घाईघाईने गोळी बंद करू नका. माझं म्हणणं तसं नाहीच. डॉक्सिसायक्लिन हे फार कामाचं औषध आहे. पावसाळ्यात मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्टर हीच देतात. स्क्रब टायफसवरही हीच चालते. या घराण्यातलं पहिलं औषध ऑरिओमायसिन १९४८ मध्ये आलं. ते बेंजामिन डग्गर यांनी अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत शोधलं, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. लाखो लोकांना या घराण्याने वाचवलंय.

रोसेशियातही ती काम करते, पण वेगळ्या कारणाने. इथे जंतू मारणं हे तिचं मुख्य काम नसतं. त्वचेतला दाह वाढवणारी जी साखळी असते, ती ही गोळी रोखते. म्हणून तर अमेरिकेत २००६ मध्ये खास रोसेशियासाठी ४० मिलिग्रॅमची, हळूहळू विरघळणारी कॅप्सूल मंजूर झाली. इतका कमी डोस, की दाह कमी होतो पण जंतूंना मारण्याइतकं औषध रक्तात राहत नाही. आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज हातात पडते ती १०० मिलिग्रॅमची. म्हणजे मला हवा होता दाह कमी करण्याचा गुण, आणि अकरा महिने मी पोटातल्या, त्वचेवरच्या सगळ्या जंतूंवर पूर्ण ताकदीचं औषध सोडत होते. (१०० ची कॅप्सूल उघडून घरी अर्धी करायची आयडिया कुणाला सुचली असेल तर ती सोडून द्या. हळूहळू विरघळणारी कॅप्सूल तशी बनत नाही.)

जंतू महिनोन्‌महिने औषधात राहिले की त्यातले दुबळे मरतात, चिवट उरतात. शिवाय ते आपला चिवटपणा शेजारच्या, दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. सेकंड इयरच्या पुस्तकात प्लास्मिडच्या धड्यात हे आहे. उद्या मला किंवा माझ्या घरातल्या कुणाला खरंच गंभीर इन्फेक्शन झालं, तर त्या चिवट जंतूंशी गाठ पडेल. माझ्या गालांचा खर्च कदाचित दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर पडेल.

पिंपल्ससाठी गोळ्या घेणाऱ्यांनाही हे तेवढंच लागू आहे. पोटातून घ्यायचं अँटिबायोटिक शक्यतो तीन-चार महिन्यांच्या पुढे नेऊ नये, त्यासोबत लावायचं औषध असावं आणि नंतर लावायच्या औषधावरच भागवावं, असं त्वचारोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. रोसेशियातही साधारण हाच क्रम. आधी गोळीने आग विझवायची, मग मेट्रोनिडाझोल, आयव्हरमेक्टिन किंवा अझेलेइक अॅसिड यांसारख्या लावायच्या औषधांनी ती विझलेली ठेवायची. काही जणांना जास्त काळ गोळी लागते, हेही खरं. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं. माझ्या बाबतीत ते मेडिकलचं काउंटर आणि माझी भीती यांनीच ठरवलं.

चुकलं कुणाचं?

भीतीबद्दल बोलायलाच हवं. कारण 'चेहऱ्याचं काय एवढं घेऊन बसलीस?' असं म्हणणाऱ्यांना विशीतला चेहरा काय असतो ते आठवत नाही. प्लेसमेंटचा इंटरव्ह्यू, घरचे लग्नाचे फोटो, व्हिडिओ कॉल, आवडणारं माणूस. गोळी बंद केली आणि पुन्हा तो चेहरा परत आला तर? या एका 'तर'मुळे मी स्ट्रिप संपायच्या चार दिवस आधीच नवी आणून ठेवायची. मुलंही यातून जातात, फक्त ती बोलत नाहीत. तेव्हा जो घेतो तो मूर्ख, असं मी म्हणणार नाही.

मेडिकलवाल्या काकांचं चुकलंच. अँटिबायोटिकच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते. २०१६ पासून सरकार सांगतंय, की ही रेघ दिसली तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. ती रेघ मी अकरा महिने रोज बघितली. डिझाइन वाटायची.

आणि डॉक्टरांबद्दलही एक तक्रार आहे. 'सहा आठवड्यांनी ये' असं त्या म्हणाल्या होत्या, पण न आल्यास काय होईल, गोळी बंद केल्यावर थोडं उसळलं तर काय करायचं, हे सांगायला त्यांना वेळ नव्हता. बाहेर तीस पेशंट होते, कबूल. पण ती दोन वाक्यं मिळाली असती, तर माझे अकरा महिने वाचले असते. विशीतल्या पेशंटला हुकूम नको असतो, कारण हवं असतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. लांबचं औषध सुरू होतानाच त्याची शेवटची तारीख ठरायला हवी आणि ती चिठ्ठीवर लिहिलेली हवी. डॉक्टरांनी लिहिली नसेल, तर आपण विचारायची. संकोच वाटत असेल तर फोनमध्ये हे प्रश्न टाईप करून न्या:

१. ही गोळी कधी बंद करायची? त्याआधी दाखवायला कधी येऊ?

२. बंद केल्यावर उसळलं तर काय लावू?

३. कधी, कशासोबत घ्यायची? (डॉक्सिसायक्लिन असेल तर ग्लासभर पाण्यासोबत आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. लोहाची, कॅल्शियमची गोळी किंवा अँटासिड त्याच वेळी नको, त्याने औषध नीट शोषलं जात नाही.)

४. माझ्या बाकीच्या गोळ्यांसोबत चालेल का? (पिंपल्सवरच्या आयसोट्रेटिनॉइनसोबत ती घेत नाहीत. गरोदरपण असेल किंवा शक्यता असेल, तर न लाजता सांगा.)

५. काय झालं तर थेट तुमच्याकडे यायचं? (गिळताना दुखणं, न थांबणारे किंवा रक्ताचे जुलाब, खूप डोकं दुखून अंधुक दिसणं, अंगावर मोठं पुरळ. यात वाट बघत बसायचं नाही.)

फी परवडत नसेल, तर सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत केसपेपर काढा. रांग असते, अर्धा दिवस जातो. मी पुढच्या वेळी तिथेच गेले. तिथल्या डॉक्टर ताईंनी माझी अकरा महिन्यांची कहाणी ऐकून फक्त एवढंच विचारलं, 'तुला कुणी थांबायला सांगितलं नाही?'

माझी अन्ननलिका दहा-बारा दिवसांत बरी झाली. गोळी बंद झाल्यावर चेहरा महिनाभराने थोडा उसळला, ज्याची भीती होती तेच. पण या वेळी काय करायचं ते माहीत होतं. रात्री क्रीम, सकाळी सनस्क्रीन, चहा जरा निववून आणि शेंगाचटणी जरा बेताने. ते शेवटचं सोलापूरच्या मुलीला फार जड जातं. गाल अजूनही कधी कधी तापतात. तापतात तर तापोत, उतरतातही.

आज रूमवर गेलात की एक करा. ड्रॉवर उघडा, चालू असलेली स्ट्रिप काढा आणि तिची चिठ्ठी शोधा. तारीख बघा. चिठ्ठी सापडलीच नाही, तर उद्याचं पहिलं लेक्चर बुडवून डॉक्टरांकडे जा. हे एक बंक मी माफ करते.