चिमुकली सेना

युद्धाचे खेळ मुलांच्या हाती देऊ नयेत, असे आमचे मत होते. १९८७ साली इंग्लंडात निघालेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळाची सेना आमचा भाचा रंगवू लागला, आणि ते डळमळले. अंगठ्याएवढा अवकाशसैनिक सुटे भाग चिकटवून उभा करावयाचा. मग अस्तर, मूळ रंग, खाचांत पातळ काळा रंग, उंचवट्यांवर कोरड्या कुंचल्याचा हलका हात. एका शिपायास दोन संध्याकाळी लागतात!

विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकात अशा खेळाचे नियम सांगितले. खरे युद्ध किती अनर्थकारी, हे खेळूनच उमगते, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेळाने युद्ध टळत नाही, हे खरे. तथापि पहिल्याच डावात स्वतः रंगविलेला शिपाई पडला, तेव्हा भाचा क्षणभर गप्प झाला. आम्ही त्यास आणखी एक कुंचला आणून दिला.