दम धरा म्हणणाऱ्यांनो

दम धरा, दम धरा म्हणत तुम्ही आम्हाला पंच्याहत्तर वर्षं रांगेत उभं केलंत. योजना येतेय, दम धरा. फाइल वर गेलीय, दम धरा. आता आमच्यातल्या कितीतरी माणसांना खरोखरच दम धरता येत नाही. जिना चढताना येत नाही, पाण्याचा हंडा उचलताना येत नाही. रात्री आडवं पडलं की छातीत मांजर घुरघुरायला लागतं आणि माणूस भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन उजाडायची वाट बघतो. डॉक्टर याला सी.ओ.पी.डी. म्हणतात. वस्तीत म्हणतात धाप. एकदा श्वासनळ्या खराब झाल्या की पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत, एवढं दोन्ही नावांनी सारखंच खरं आहे.

२०१६ सालच्या मोजणीत या देशात हे दुखणं साडेपाच कोटी माणसांना होतं. मृत्यूच्या कारणांत हृदयविकाराच्या खालोखाल त्याचा नंबर. जगाच्या लोकसंख्येत आपण १८ टक्के, पण छातीच्या जुनाट आजारांनी जगाचं जे आयुष्य वाया जातं त्यातला ३२ टक्के वाटा आपला. आता सांगा, या दुखण्यासाठी कधी मोर्चा निघाला? कुठल्या पुढाऱ्यानं सभेत नाव घेतलं? धापेनं मेलेल्या माणसाची बातमी होत नाही. तो मरतो म्हणजे एवढंच होतं, की खोकल्याचा आवाज बंद होतो आणि शेजाऱ्यांना झोप लागते.

दवाखान्यात पहिला प्रश्न ठरलेला. आमच्या आळीतल्या एका मावशीला विचारला तसाच.

"किती वर्षं बिडी ओढता, बाई?"

"बिडी नाय ओढत डाक्टर. झाडू मारते."

डॉक्टरनं मान खाली घातली आणि केसपेपरवर काहीतरी लिहिलं. पंचवीस वर्षं पहाटे रस्ता झाडायचा, सुकी धूळ नाकातोंडात घ्यायची, गोळा केलेला पालापाचोळा कोपऱ्यात पेटवला की त्याचा धूर घ्यायचा, आणि घरी येऊन चुलीपुढं बसायचं. बाईनं आयुष्यात एक बिडी ओढली नाही. रस्त्यानं तिला ओढलं. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं, की न ओढणाऱ्यांनाही हे दुखणं होतं आणि त्याला चुलीचा धूर, कामावरची धूळ, जुना टी.बी. ही कारणं आहेत. पण पोस्टरवर अजून सिगारेटच. कारण सिगारेट म्हटलं की दोष माणसाचा. धूळ म्हटलं की दोष कामावर लावणाऱ्याचा, आणि ते कोणाला परवडतं?

फुप्फुसाला जात नसते म्हणता? मग मुंबईच्या गिरण्यांचं खातं उघडा. विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथं आमच्या माणसाला मज्जाव. का? तर कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि आमच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकऱ्याला बाटवणार! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे खातं अस्पृश्यांना खुलं करा म्हणून मागणी केली, तेव्हा कामगारांची एकजूट सांगणारे लाल पुढारीसुद्धा चाचपडले. आमचा माणूस राहिला कमी पगाराच्या रिंग-थ्रॉसलमध्ये, सुताच्या पेळूत आणि कापसाच्या फुफाट्यात. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी, की सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळते. सोमवारचा दमा! कायद्यानं हे दुखणं आणि दगडाच्या धुळीचं सिलिकोसिस, दोन्ही सरकारला कळवणं बंधनकारक आहे. कायद्यात आहे, बरं का. कळवतो कोण ते वेगळं. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, जमिनीवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. मालकाला जमीन मिळाली. कापूस आमच्या म्हाताऱ्यांच्या छातीत राहिला.

आजही काय वेगळं आहे? खडी क्रशरवर कोण आहे, दगडखाणीत कोण आहे, देवनारच्या डोंगरावर प्लास्टिक वेचायला कोण चढतं? हे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून चालू आहे. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं तेव्हा धूर उपग्रहातून दिसला. उपग्रहाला दिसला म्हणून बातमी झाली. गोवंडीतल्या पोरांना तो त्याच्या आधी दिसत होता आणि नंतरही दिसत राहिला.

आणि टी.बी.चं बघा. टी.बी.चं औषध सरकार फुकट देतं, चांगली गोष्ट आहे, नाही कोण म्हणतो? सहा महिने गोळ्या खाल्ल्या, थुंकी साफ आली, कार्ड बंद. पण जंतूनं खाल्लेलं फुप्फुस परत उगवत नाही. वण राहतात, धाप राहते. कार्ड बंद झालेला माणूस सरकारच्या हिशेबात बरा झाला. आता तो ज्या पंपावर जगणार तो त्याचा खाजगी मामला!

आता पंपावर या. पंप म्हणजे इनहेलर. १९५६ साली पहिला दाबायचा पंप निघाला, १९६९ साली साल्बुटामॉल बाजारात आलं. पेटंट कधीच मेलंय. हे काही चंद्रावरून आणायचं औषध नाही. १९३५ साली मुंबईत सुरू झालेल्या सिप्लाला एप्रिल २०२० मध्ये याच औषधाचा पंप अमेरिकेत विकायची परवानगी मिळाली. मुंबईतली कंपनी अमेरिकेच्या छातीपर्यंत पोचते. शिवाजीनगर-गोवंडीच्या आरोग्य केंद्राच्या फळीपर्यंत पोचायला मध्ये कोण आडवं येतं?

पंपच का हवा, गोळी का नको, हे नीट समजून घ्या, कारण इथंच फसवणूक होते. पंपाच्या एका दाबात साल्बुटामॉल असतं १०० मायक्रोग्रॅम, आणि ते थेट श्वासनळीत जातं. गोळी असते ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीस दाबांइतकं औषध पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात. हात कापतात, छाती धडधडते, आणि धाप उशिरा उतरते. पैसेवाल्याला पंप, आम्हाला गोळी. बरं, गोळी तरी आहे त्या भावात ठेवा! ऑक्टोबर २०२४ मध्ये औषधांचे भाव ठरवणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवून दिल्या. कंपन्यांना परवडत नाही म्हणून. त्यात साल्बुटामॉलची गोळी होती आणि वाफेच्या मशीनमध्ये घालायचं औषधही होतं. रुपयात बघाल तर वाढ थोडी वाटेल. पण कंपनीचं 'परवडत नाही' एका कागदावर ऐकू येतं, आमचं ऐकू येत नाही.

रोज घ्यायचा पंप वेगळा, त्यात दोन औषधं एकत्र असतात. एका डबीत १२० दाब. सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे बरोबर एक महिना. दुकानात चारशेच्या पुढे-मागे जातो. धाप लागल्यावर घ्यायचा पंप त्याच्या वर. डॉक्टरनं तिसरं औषध लिहिलं तर आणखी. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे महिन्यातले दोन-तीन दिवस माणूस नुसता श्वास घेण्यासाठी राबणार, आणि धाप लागलेला माणूस राबणार कसा ते तुम्हीच सांगा.

मग आमची माणसं काय करतात? दोनाऐवजी एक दाब घेतात. बरं वाटलं की बंद करतात, डबी फडक्यात गुंडाळून लुगड्यांखाली ठेवतात, 'अडीअडचणीला' म्हणून. पंप संपला तरी दाबल्यावर फुस्स आवाज येतो, तो नुसता गॅस असतो. तोच ओढत बसतात. रोटाकॅपची कॅप्सूल मशीनमध्ये टाकून ओढायची असते, ती पाण्याबरोबर गिळतात, कारण मशीन घेतलेलं नसतं आणि कोणी सांगितलेलं नसतं. वर शेजारीण सांगते, पंपाची सवय लागते. सवय लागते म्हणे! भाकरीचीही लागते. लग्नाच्या पोरीचा पंप तर पाहुणे यायच्या आधी फळीच्या मागे जातो.

यावर साहेब लोक म्हणतात, अडाणी आहेत, औषध नीट घेत नाहीत. साहेब, १२० दाब चार महिने पुरवायचं गणित अडाणी माणसाला जमत नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असं आम्ही म्हणत नाही. साल्बुटामॉल, बुडेसोनाइड, फॉर्मोटेरॉल, टायोट्रोपियम ही पंपातली औषधं २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार फुकट झाले. छान. पण फुकट काय? तर फळीवर जे असेल ते. पंप फळीवर नसेल तर चिठ्ठी मिळते, बाहेरून आणा. बाहेर म्हणजे बाजार. आयुष्मानचं कार्ड काढा म्हणतात, वर्षाला पाच लाखांचं. ते चालतं दवाखान्यात भरती झाल्यावर. म्हणजे महिन्याचे चारशे मागितले तर नाही, पण पंपाविना निळा पडून, तोंडावर मास्क लावून आत आलात तर हजारो रुपये मंजूर! त्यातून जगलात तर परत घरी, परत पंपाविना. ही कसली काटकसर?

चूल सोडा म्हणतात. २०१६ ला उज्ज्वला आली, जोडणी मिळाली. २०२४ ला राज्यानं वर्षाला तीन टाक्या फुकट देण्याची योजना काढली. तीन टाक्यांत बारा महिने शिजवून दाखवणारी बाई मंत्रालयात नोकरीला ठेवा. बाकीचे महिने चूल आहेच, आणि पुढ्यात पोर मांडीवर घेऊन बसलेली सून आहे.

दोस्तहो, नुसती चीड कामाची नाही. पुढच्या वेळी आरोग्य केंद्रात एकट्या म्हातारीला पाठवू नका, दहा जण जा. पंप नाही म्हणाले तर तोंडी ऐकून परत येऊ नका. केसपेपरवर 'औषध उपलब्ध नाही' असं लिहून सही-तारीख घ्या. आणि पंप मिळाला तर तो कसा ओढायचा ते तिथंच, सगळ्यांसमोर करून दाखवायला लावा. २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज टाका: गेल्या बारा महिन्यांत किती पंप मागवले, किती आले, किती वाटले, आवश्यक यादीतलं कुठलं औषध किती दिवस नव्हतं. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. लिहून द्यायला आपली कॉलेजात जाणारी पोरं आहेत. उत्तरं आली की इकडे पाठवा, तालुक्याच्या नावासकट छापू.