छडी गेली, पुढे काय?

‘गुरुजी, पोरगं ऐकत नाही, चांगलं हाणा!’ शाळेच्या दारात असे सांगणारे पालक कोल्हापुरात मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आमच्या वर्गातही छडी होती, शांतताही होती. गुरुजी फळ्याकडे वळले की मात्र खडूचे तुकडे उडू लागत!

शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही बेकायदा ठरवले. बरेच झाले. पण पन्नास-साठ मुलांसमोर एकट्या उभ्या असलेल्या बाईंच्या हाती छडीऐवजी आपण काय दिले? मग ओरडणे होते, वर्गाबाहेर उभे करणे होते, डायरीत लाल शेरा येतो. आपण तो वाचून घरी मुलाला बडवतो.

लीलाताई पाटील (ना. सी. फडके यांच्या कन्या) यांनी १९८५ साली याच शहरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. शिक्षेचा धाक नाही, नंबरांची चढाओढ नाही. मुलांनी करून पाहायचे, प्रश्न विचारायचे. हाताला काम असलेले मूल दंगा कशाला करेल? अर्थात हे छडी उगारण्याहून कितीतरी कष्टाचे आहे. रोजची तयारी लागते, त्यासाठी शिक्षकाला उसंतही लागते.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न धाडल्याचा दंड पालकाला होता. आपण पालक सभेला जातो ते गुण विचारायला. वर्गाचे नियम मुलांना विचारून ठरवले का, दंगेखोराला कोणती जबाबदारी दिली, एवढे येत्या सभेत विचारून पाहू या.