चीक, मिश्री आणि होऊ घातलेले डॉक्टर

राज्य मंत्रिमंडळाची ६ मे २०२५ची बैठक जामखेड तालुक्यातल्या चौंडीला झाली आणि अहिल्यानगर जिल्ह्यासाठी शंभर विद्यार्थ्यांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सोबत ४३० खाटांचं रुग्णालय मंजूर झालं. अशा घोषणेनंतर चर्चा होते ती जागेची, इमारतीची आणि निधीची. तिथे शिकणाऱ्या मुलांना गावातल्या माणसाशी बोलायला कोण शिकवणार, हे सहसा कुणी विचारत नाही.

कागदावर त्याची सोय आहे. एमबीबीएसच्या २०१९पासूनच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याचे तास आले. २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक उपक्रम आणला. विद्यार्थी पहिल्याच वर्षी गावात जातात, मोजक्या कुटुंबांची माहिती घेतात, वजन, रक्तदाब, लसीकरणाच्या नोंदी ठेवतात आणि पुढे त्याच घरांत जात राहतात. जिल्ह्यात लोणीला १९८४पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे प्रश्नावली घेऊन दारात उभी राहिलेली मुलं इथल्या गावांना नवी नाहीत.

अडचण प्रश्नावलीतच असते. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला घरातली बाई ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. ती तंबाखू खात नाही, सकाळ-दुपार मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. गरोदर बाई ती लावत असेल, तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. पण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. पहिल्या भेटीत विद्यार्थी ‘नाही’वर खूण करतात आणि पुढच्या घरी जातात. तिसऱ्या-चौथ्या भेटीत चहा पिताना फळीवरची डबी दिसते, तेव्हा कुठे कळतं, की चुकलं ते उत्तर नव्हे, प्रश्न चुकला होता. संशोधनाचा हा धडा वर्गात मिळणं अवघड. चुकीच्या प्रश्नातून आलेली आकडेवारी कितीही नेटकी मांडली, तरी चुकीचीच राहते.

नीट विचारता आलं, की सांगताही येऊ लागतं. पाठ्यपुस्तकातलं ‘कोलोस्ट्रम’ घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला बाळंतिणीच्या घरी बोलायला जागाच सापडत नाही. बाळाला आधी मध किंवा गुळाचं पाणी चाटवायचं, पहिलं पिवळं दूध काढून टाकायचं, ही चाल काही घरांत अजून आहे. पण संगमनेर, राहाता, राहुरीचा पट्टा दुधाचा. गाय व्यायली की वासराला आधी चीक पाजतात आणि उरलेल्याचा खरवस होतो, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक असतं. ‘वासराला चीक का पाजता?’ असं विचारलं, की पुढचं सासूबाईच सांगतात. मात्र ही तुलना कुठे थांबते, हेही माहीत हवं. रोगाशी लढणारी काही प्रतिपिंडं माणसाच्या बाळाला पोटात असतानाच नाळेतून मिळतात. वासराला ती जवळपास मिळत नाहीत, त्यामुळे चीक चुकला तर त्याच्या जिवावरच बेततं. उपमा नुसती वापरणारा आणि तिची हद्द जाणणारा, यांत तेवढं अंतर आहे.

चौंडीच्याच तालुक्यात हे काम पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा आधी गावोगाव प्रशिक्षित नर्स ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. मग गावांनीच निवडलेल्या बायकांना शिकवलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, अनेक दलित वस्तीतल्या. ठरावीक दिवशी जामखेडला यायचं, गावात काय दिसलं ते सांगायचं, नवं ऐकायचं आणि परत जाऊन शेजारणीला समजवायचं, अशी ती शाळा. या गावांतला बालमृत्युदर सुरुवातीला हजारी १७६ होता. पंचवीसेक वर्षांत तो तिसाच्या खाली आला. श्रेय एकट्या बोलण्याचं नाही. पाणी, अन्न, महिला मंडळं हे सगळं सोबत होतं, आणि त्याची गरज लोकांशी बोलल्यावरच कळली होती.

आजच्या विद्यार्थ्याचं मूल्यमापन मात्र नोंदवहीवर होतं. वही भरली, सही झाली, काम संपलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद १९७९पासून एमबीबीएसच्या मुलांना छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन देते. योजना चांगली, पण अहवाल इंग्रजीत जातो. ज्यांनी उत्तरं दिली, त्यांच्या ओट्यावर तो परत येत नाही. निष्कर्ष त्याच गावात मराठीतून दहा मिनिटं सांगा आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्या, अशी अट घालायला फारसा खर्च येणार नाही. त्या दहा मिनिटांना गुण असले, तर मुलं तयारीही करतील.

नव्या महाविद्यालयात आणखी एक गोष्ट होईल. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. म्हणजे शंभरात पंधराजण असे असू शकतात, ज्यांना ‘कळ’ आणि ‘ठणका’ यांतला फरक माहीत नसेल. सुरुवातीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेचे तास असतात. ते घ्यायला एखाद्या आशा ताईंना बोलवावं. मिश्रीची डबी कुठल्या फळीवर असते, ते त्यांना आधीच ठाऊक आहे.